दत्त म्हणजे दिलेला

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे गुरुचरित्राच्या सप्ताहाची गडबड सुरू होते. कोण पारायणाला बसणार, सोवळ्याचा स्वयंपाक कोणाकडे, पाळण्याला फुले कोण आणणार. यंदा मंडळींनी सांगितले, "तुम्ही एक्याऐंशीचे झालात, अंकासाठी दोन शब्द लिहा." मी काही कीर्तनकार नाही, शास्त्री नाही. पनवेलच्या भाताच्या गिरणीत हिशेब लिहिण्यात जन्म गेला. पण हिशेब लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते: जमा कुठून आली ते लिहिल्याशिवाय खर्च लिहिता येत नाही. म्हणून माझ्या संसारात काय काय जमा झाले, आणि ते कोणी दिले, तेवढेच लिहितो.

आपण दिवसातून किती वेळा देवाचे नाव घेतो! उठताना, बसताना, गुडघा दुखला तरी तोंडात "गुरुदेव दत्त". पण 'दत्त' म्हणजे काय, ते कधी थांबून पाहिले आहे का? 'दा' हा देण्याचा धातू. त्यावरून दत्त म्हणजे दिलेला. अत्रीचा पुत्र म्हणून आत्रेय. दोन्ही मिळून दत्तात्रेय. भागवतात सांगितले आहे की अत्रिऋषींनी पुत्राची इच्छा धरली, तेव्हा भगवंतांनी आपण आपल्यालाच त्यांना देऊन टाकले. म्हणून हे नाव पडले. सोने दिले नाही, राज्य दिले नाही. स्वतःला दिले.

आता याच शब्दाला शेवटी एक 'क' लावा. दत्तक! आपल्या देवाचे नाव आणि दुसऱ्याचे लेकरू मांडीवर घेण्याचा विधी, दोघांचे मूळ एकच. मला हे कळले तेव्हा माझे वय पस्तिशीच्या आसपास होते, आणि कळायला कारणही तसेच घडले होते.

माझे पहिले लग्न १९६८ सालचे. दोन मुलगे झाले. १९७६ च्या पावसाळ्यात त्यांच्या आईला कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत ती गेली. थोरला सहा वर्षांचा, धाकटा तीन. तीन वर्षे माझ्या आईने कसेबसे रेटले. मग १९७९ साली दुसरे लग्न केले. तीही विधवा, तिच्या पदरी पाच वर्षांची मुलगी. लग्न देवासमोर, दहा माणसांत झाले. पुढे १९८२ साली आम्हा दोघांची एक मुलगी झाली. म्हणजे घरात चार मुले: दोन माझी, एक तिची, एक आमची. आळीतल्या बायका अशाच मोजायच्या. मी बाहेर काही बोलत नसे, पण गिरणीतल्या वहीतसुद्धा मी अशा तीन रकान्यांत मुले लिहिली नसती.

अशा घराला खरा आजार एकच होतो. पैसा कमी पडणे हा आजार नव्हे, तो सगळ्यांनाच असतो. आजार म्हणजे असूया. त्याच्या ताटात जास्त का? तिला नवा फ्रॉक आणि मला शर्ट नाही, ते का? ती रडली की जवळ घेता, मी रडलो की रागावता. हे मुलांचे. मोठ्यांची असूया याहून वाईट, कारण ती बोलत नाही. माझी मंडळी थोरल्याला दूध देताना वाटी किती भरली हे मी बघायचो, आणि मी तिच्या मुलीच्या वह्यांना कव्हर घालतो की नाही हे ती बघायची. बघणे चोरून चालायचे, पण दोघांनाही ठाऊक असायचे.

आणि भक्तहो, दत्तमहाराजांच्या आईचे नाव काय? अनसूया! जिच्या ठायी असूया नाही ती. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण संसाराच्या त्या टप्प्यावर ती कानाऐवजी काळजात गेली. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन आले, तिची परीक्षा घ्यायला विचित्र भिक्षा मागितली. तिने काय केले? आधी त्यांना लेकरू केले आणि मग भिक्षा वाढली. क्रम लक्षात घ्या. जो दारात आला तो कोणाचा, कुठला, कोणत्या हेतूने आला, हे तिने विचारले नाही. एकदा तो लेकरू झाला की पुढचे सगळे प्रश्न सुटतात. आणि नंतर तिन्ही देवी आपापले पती मागायला आल्या तेव्हा तिने ते देऊनही टाकले. "मी पाजले, मी वाढवले, आता माझे" असे म्हणाली नाही. घेताना आडकाठी नाही, देताना गाठ नाही. अशाच घरी दत्त येतो.

आता हे सांगायला सोपे आहे. आपण काही अनसूया नव्हे. म्हणून दुसरी एक कथा सांगतो, ती माणसांची आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान आहे. राजा हरिश्चंद्राला मूल नव्हते. वरुणाला त्याने शब्द दिला, मुलगा झाला तर तुलाच अर्पण करीन. रोहित झाला, पण बापाचा जीव होईना, आणि मोठा झाल्यावर रोहित रानात निघून गेला. तिथे त्याला अजीगर्त नावाचा दरिद्री ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे. रोहित म्हणाला, शंभर गाई देतो, माझ्या जागी एक मुलगा दे. बाप म्हणाला, थोरला देणार नाही. आई म्हणाली, धाकटा देणार नाही. मधला उरला. तो शुनःशेप! ज्याला आईनेही धरले नाही आणि बापानेही धरले नाही, असा मुलगा. त्याला यूपाला बांधले. त्याने एकेका देवाची स्तुती केली आणि पाश गळून पडले.

सुटल्यावर तो जाऊन विश्वामित्राच्या मांडीवर बसला. आता बाप पुढे आला, म्हणाला, माझा मुलगा मला परत द्या. विश्वामित्र म्हणाले, नाही, देवांनी हा मला दिला आहे. त्याचे नाव ठेवले देवरात. देवाने दिलेला! म्हणजे पुन्हा तोच अर्थ, दत्त.

पण कथा इथे संपत नाही, आणि मला खरी शिकवण पुढेच दिसते. विश्वामित्रांना आधीचे शंभर-एक मुलगे होते. बापाने त्यांना सांगितले, याला थोरला माना. मधला मुलगा मधुच्छंदा आणि त्याच्या पाठचे पन्नास यांनी मान्य केले. त्याच्या आधीचे पन्नास मात्र म्हणाले, हे आम्हाला बरे वाटत नाही. विश्वामित्रांनी त्यांना शाप दिला. बघा, इतका मोठा तपस्वी, तरी घरातली अर्धी मुले मनाने आली नाहीत. आपल्या घरात एखादे आले नाही तर आपण कोसळून का जावे?

आमच्याकडे थोरल्याने दोन वर्षांत हिला 'मावशी'चे 'आई' केले. त्यासाठी कोणी शिकवले नाही. त्याला गोवर निघाला होता, ही आठ रात्री त्याच्या उशाशी बसली, आणि नवव्या दिवशी त्याने पाणी मागताना 'आई' म्हणून मागितले, एवढेच. हिची मुलगी मात्र मला 'काका' म्हणायची. आज ती पन्नाशी उलटलेली बाई आहे, नातवंडे मांडीवर खेळवते, आणि अजूनही मला काकाच म्हणते. लोकांनी तेव्हा खूप सांगितले, तिला बाबा म्हणायला लावा, शाळेत नाव बदला. मी म्हटले, तिला जन्म देणारा माणूस भला होता, अपघातात गेला, त्याने काय गुन्हा केला म्हणून त्याचे नाव पुसायचे? तिच्या लग्नपत्रिकेत वरती त्यांचे नाव होते, खाली निमंत्रक म्हणून माझे. कन्यादान आम्ही दोघांनी केले. हाक कुठलीही असो. आजारी पडलो की पहिला फोन तिचाच येतो.

यात मला शास्त्रानेच आधार दिला. पितृपक्षात आपण महालयाचे तर्पण करतो, त्यातली नामावळी कधी लक्ष देऊन ऐका. बाप, आजा, पणजा, आई, आजी एवढ्यावर ती थांबत नाही. सापत्न माता आहे, आईचे माहेर आहे, सासरा आहे, गुरू आहे, आप्त आहे. आणि शेवटी ज्यांचे कोणीच नाही त्यांच्या नावानेही पाणी सोडायचे. आपल्या पूर्वजांनी कुटुंब केवढे धरले होते पाहा! म्हणून दरवर्षी सर्वपित्रीला मी माझ्या मुलीच्या जन्मदात्यालाही आप्त म्हणून पाणी देतो. आणि माझी मंडळी भाद्रपद वद्य नवमीला, अविधवा नवमीला, माझ्या पहिल्या पत्नीच्या नावाने सवाष्ण जेवू घालते. ओटी भरते, नमस्कार करते. पंचेचाळीस वर्षांत तिने हे एकदाही चुकवले नाही. आमच्या भिंतीवर दोघांचेही फोटो आहेत, शेजारी शेजारी. नवीन माणसे विचारतात, हे कोण? मुले सांगतात, ही आमची आई आणि हे बायचे बाबा. जे गेले त्यांना जागा दिली की जे आहेत ते एकमेकांना जागा देतात. याच्या उलट, मेलेल्याचा फोटो माळ्यावर टाकला की तो घरात जास्त फिरतो.

आपल्या तालुक्यातलेच एक मोठे उदाहरण आहे. शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके, जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांना सगळे ओळखतात. ते दत्तभक्त होते हे थोड्यांना ठाऊक असते. त्यांचीही पहिली पत्नी वारली. गोपिकाबाईंशी दुसरे लग्न झाले. त्या काळात बिजवराची बायको म्हणजे चूल आणि मूल सांभाळायला आणलेली बाई, असा सरळ हिशेब होता. वासुदेवरावांनी गोपिकाबाईंना लिहायला-वाचायला शिकवले, घोड्यावर बसायलाही शिकवले. पुढे १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनच्या तुरुंगात त्यांनी देह ठेवला, तो इतिहास वेगळा. मला त्यातून घ्यायचे ते इतकेच, की दुसरेपणाने आलेली बाई ही कोणाच्या रिकाम्या जागी ठेवलेली वस्तू नसते. तीही एक पूर्ण माणूस, देवाने दिलेली. तिच्या हातात पोळपाट-लाटण्याबरोबर पाटी-पेन्सिल देणे ही सुद्धा दत्तसेवाच.

आता एका गोष्टीबद्दल स्पष्ट लिहायला हवे. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायातली घेवड्याच्या वेलाची कथा आपल्याला प्रिय आहे. गरीब ब्राह्मण, दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर कुटुंब जगते. श्रीगुरू भिक्षा घेतात आणि जाताना वेलच उपटून टाकतात. बाई रडते. मग वेलाचे मूळ काढताना द्रव्याचा कुंभ सापडतो. मी विधुर झालो तेव्हा एका भल्या गृहस्थांनी मला हीच कथा सांगितली. देवाने वेल उपटला, खाली काहीतरी असणारच, असे म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. पण भक्तहो, बायको म्हणजे घेवड्याचा वेल नव्हे. तीन वर्षांच्या पोराची आई जाते, त्याखाली कुठलाही हंडा नसतो. नंतर मला जे मिळाले ते पुष्कळ मिळाले, पण ते तिच्या मरणाचे मोल म्हणून मिळाले असे मी मानत नाही, आणि तुम्हीही कोणा दुःखी माणसाला स्मशानातून आल्या आल्या असे सांगू नका. त्या कथेत मला वेगळे वाक्य दिसते. वेल उपटल्यावरही ब्राह्मणाने श्रीगुरूंना दोष दिला नाही आणि हातातले काम सोडले नाही. मूळ खणून जागा साफ करायला गेला. दुःख झाले तरी अंगण साफ करायचे. पुढे काय सापडेल ते त्याच्या हाती.

अवधूताच्या चोवीस गुरूंत एक कुमारिका आहे. घरी पाहुणे आले, आईबाप बाहेर गेलेले, म्हणून ती भात कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. तिने एकेक उतरवली. दोन राहिल्या तरी वाजतात. एक राहिली तेव्हा आवाज थांबला. अवधूत म्हणाले, योग्याने असे एकटे राहावे. ते संन्याशाला बरोबर आहे. आपण गृहस्थ, आपल्याला बांगड्या उतरवायच्या नाहीत. मग या गुरूकडून आपण काय घ्यायचे? माझे सारे आयुष्य भात आणि कोंडा वेगळा होताना पाहण्यात गेले. मी असे समजतो, की घरात सहा माणसे असली तर आवाज होणारच. आवाज झाला म्हणजे बांगडी फुटली असे नव्हे. पाहुण्यासाठी तांदूळ सडला जातोय ना, कोणाच्या तरी पोटात अन्न पडणार आहे ना, मग वाजू दे थोडे.

आता शेवटचा आणि आजचा विषय. वडाळे तळ्याच्या आसपासची जुनी घरे एकेक करून पडत आहेत, बिल्डर येत आहेत. १८५२ साली नगरपालिका झालेले आपले गाव २०१६ पासून महानगरपालिका झाले आहे, जागेला सोन्याचा भाव आला आहे. आमचेही घर इमारतीत जाणार. वाटण्या कशा? लोक म्हणतात त्याप्रमाणे 'रक्ताची' मुले तीन, आणि एक काका म्हणणारी.

वकिलांनी मला नीट समजावले. हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याप्रमाणे पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याची सावत्र मुलगी त्याची वारस होत नाही. तिला आईकडून मिळेल, बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाकडून नाही. पंचेचाळीस वर्षांचे नाते कायद्याच्या कागदावर शून्य. त्याला उपाय एकच, धडधाकट असताना मृत्युपत्र करणे. स्वकष्टार्जित मालमत्ता असली तर ती द्यायचा अधिकार आपला आहे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी लागते; नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी. मी ते केले. चार मुले, चार सारखे भाग, आणि मंडळी असेपर्यंत तिचा राहण्याचा हक्क.

थोरला म्हणाला, "बाबा, हेच व्हायला हवं होतं." लहान लेक काहीच बोलली नाही, बहिणीला मिठी मारली. आणि मोठी म्हणाली, "काका, मला नको होतं, पण तुम्ही लिहिलंत म्हणून घेते." धाकटा मात्र मनाने आलेला नाही. त्याचे म्हणणे, तिच्या वडिलांचे होते ते तिला मिळाले, आमचे आम्हाला राहू द्या. त्याच्या म्हणण्यात लबाडी नाही. तीन वर्षांचा असताना त्याच्याकडून जे काढून घेतले गेले, त्याचा हिशेब तो अजून मागतो आहे, आणि समोर मीच आहे. दोन वर्षे झाली, जयंतीला तो येत नाही. मी विश्वामित्र नव्हे. शाप द्यायची माझी योग्यता नाही, आणि मनात तसे काही नाही. पारायणात रोज त्याच्या नावाचे एक फूल मी पादुकांवर वाहतो. त्याचा पाट मांडलेला असतो. मृत्युपत्र मी बदलणार नाही, आणि पाटही उचलणार नाही. दोन्ही एकदम करता येते हे मला दत्तमहाराजांनी शिकवले. तीन मुखे तीन दिशांना, पण धड एकच.

श्रीपाद श्रीवल्लभ पिठापूरहून तपाला निघाले, त्याआधी त्यांनी काय केले आठवते ना? एक भाऊ पांगळा, एक आंधळा. आई कासावीस झाली, आमचे कोण बघणार? महाराजांनी दोघांना बरे केले आणि मगच घर सोडले. पुढच्या अवतारात कारंज्याला श्रीनृसिंहसरस्वतींनीही आईला आणखी मुलगे झाल्यावरच पाऊल बाहेर टाकले. अवतारी पुरुषही निघण्याआधी घराची सोय लावून निघतात. मग आपण, ज्यांची गाडी फलाटावर लागली आहे, आपण सगळे "नंतर बघू" म्हणून कसे चालेल?

माझ्या वयाच्या गृहस्थांनो, पारायण करा, औदुंबराला प्रदक्षिणा घाला, जमेल त्याने वाडीला, गाणगापूरला जाऊन या. पण घरी कपाटात एक कागद लिहून ठेवा, आणि त्यात कोणाचे नाव राहून गेले आहे का ते देवासमोर बसून एकदा बघा. सून असेल, भावाचे पोरके पोर असेल, तुमच्याकडे राहिलेली विधवा बहीण असेल. देवाने जे जे माणूस आपल्या दारात आणून सोडले, ते सगळे दत्त. दिलेले. आपण फक्त सांभाळणारे.

यंदा पौर्णिमेला पाळणा हलेल तेव्हा त्यातले बाळ कोणाचे, हे कोणी विचारणार नाही. दोरी ज्याच्या हाती येईल त्याने ओढावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥